देठासकट

एका प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीसाठी फुलांचे फोटो हवे होते. सजावटीचं काम पाहणाऱ्या बाईंनी मागणी एका वाक्यात उरकली: "फूल ओळखू आलं पाहिजे, पण स्वप्नात पाहिल्यासारखं." अट एकच. संगणकावर जोडकाम नको, जे काय ते कॅमेऱ्यातच. आणि त्या स्वतः बागेत हजर राहणार होत्या.

त्या सकाळी आभाळ भरून आलेलं, वर वारा. "आज जमेल ना?" त्यांनी विचारलं. मी मल्टिपल एक्स्पोजर करणार होतो, म्हणजे कॅमेऱ्यातच अनेक फ्रेम एकावर एक चढवून एकच फोटो. त्यासाठी ढगांचं मला बरंच वाटलं. कडक उन्हात पाकळीवर चकाकी येते, ती एकावर एक फ्रेम चढताना साचत जाते आणि शेवटी तिथे नुसता पांढरा डाग उरतो. धास्ती होती ती वाऱ्याची.

म्हणून सुरुवात आडोशाच्या गुलाबापासून केली. कॅमेरा ट्रायपॉडवर, पहिली फ्रेम एफ/११ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, शार्प; दुसरी एफ/२.८ला, छिद्र मोठं करून आणि फोकस मुद्दाम बिघडवून. ॲडिटिव्ह मोडमध्ये प्रकाशाची सरळ बेरीज होते, तेव्हा दोन फ्रेमना प्रत्येकी एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा प्रकाश) द्यायचा, चार असतील तर दोन, आठ असतील तर तीन. गुलाबाभोवती त्याच्याच रंगाचं वलय आलं. १९८०च्या दशकात छायाचित्रकार मायकल ऑर्टन शार्प आणि धूसर स्लाइड (पारदर्शक फिल्म) एकमेकींवर ठेवून असाच परिणाम साधत असे, हेही मी बाईंना ऐकवलं. त्यांनी स्क्रीन पाहिली. "छान आहे. शुभेच्छापत्रासारखं."

झोंबलं, पण खरंच होतं.

मग कॉसमॉसच्या ताटव्याकडे वळलो. मागे गर्द कुंपण होतं. मल्टिपल एक्स्पोजरमध्ये मी फुलाआधी काळोख शोधतो, कारण पहिल्या फ्रेममधला गडद भाग ही दुसऱ्या फ्रेमसाठी राखलेली जागा असते. एक फूल कोपऱ्यात शार्प घेतलं आणि बाकी चौकट कुंपणाला दिली. मोड लाइटन, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोहोंतला उजळ तेवढा टिकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, पहिलं फूल पुसट दिसत होतं, त्यावर नजर ठेवून दुसरी जागा साधायची. फुलाचा पिवळा गाभा पाकळीहून गडद. त्यावर दुसरी पाकळी आली की तो गेलाच. तो मी जिवापाड सांभाळतो. सगळंच धूसर केलं की स्वप्न वगैरे काही होत नाही, फोटो हललाय एवढंच वाटतं.

दुसऱ्या फ्रेमला शटर पाव सेकंदाचं ठेवलं आणि फूल डोलू दिलं. ज्या वाऱ्याची धास्ती होती त्यानेच पाकळ्यांचा फराटा ओढला. बाई काही बोलल्या नाहीत, पण फोन पर्समध्ये गेला.

खरी मजा पुढे आली. मी जमिनीवर आडवा झालो आणि फुलं खालून, पांढऱ्या आभाळावर घेतली. इथे ॲडिटिव्ह लावलं असतं तर आभाळाने सगळं गिळलं असतं. डार्कन मोडमध्ये उलट, गडद ते टिकतं, आभाळ नुसता कोरा कागद होतं. पाकळ्या एकमेकींवर आल्या तिथे दोहोंतला गडद रंग तेवढा उरत गेला. एका फ्रेमला कॅमेराच उलटा धरला, तर एक कॉसमॉस वरून खाली लोंबत उतरला.

"हाच!" बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तो मधला आडवा देठ काढता येईल?"

"येईल की. संगणकावर."

त्या हसल्या. "नको. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं, देठ चुकवून. एव्हाना वारा पडला होता. फुलं जागच्या जागी, रचना अगदी नेमकी, आणि फोटो पार मेलेला. दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी पाहिल्यावर त्यांनी पहिलीवर बोट ठेवलं. देठासकट तीच मोठी छापायला गेली.