सतर्क राहावे, म्हणजे नेमके काय करावे?

माझ्या फोनमध्ये सांगली-कोल्हापूरच्या ऑगस्ट २०१९ च्या महापुरातले एक छायाचित्र अजून जपून ठेवलेले आहे. ते एका सरकारी पत्राचे आहे. पत्र कुणीतरी टेबलावर ठेवून तिरके टिपले आहे, उजवीकडचा समास कापला गेला आहे आणि गोल शिक्का नेमका वेळेच्या नोंदीवर उमटल्यामुळे ते कधी निघाले हे वाचता येत नाही. वरचा तिसरा हिस्सा जावक क्रमांक, संदर्भ आणि प्रतिलिपींनी व्यापलेला आहे. त्याखाली धरणाची पातळी मीटरमध्ये, साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये आणि पाणलोट क्षेत्रातला पाऊस मिलिमीटरमध्ये दिलेला आहे. मग तळाशी, वाचणाऱ्याचा दम संपतो तिथे, एकच वाक्य येते : ‘तरी नदीकाठच्या गावांतील नागरिकांनी सतर्क राहावे.’

पत्र कोणत्या कार्यालयाचे ते मी सांगत नाही, कारण अशी पत्रे बहुतेक कार्यालये काढतात. व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत ते शिरोळ तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांपर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी सांगलीत एका छापखान्यात अक्षरजुळणी आणि मांडणीचे काम करतो, त्यामुळे कागदावरचे काहीही मला कळतेच, असा घरात समज आहे. मामा म्हणाले, “आरं, आकडं लई हाईत ह्यात. पर पाणी आपल्या दारात कवा यील, ते कुठं लिवलंय?” मी पत्र दोनदा वाचले. ते कुठेच लिहिलेले नव्हते.

त्या पत्रातला एकही आकडा खोटा नव्हता, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. प्रशासनाने माहिती लपवली, अशी माझी तक्रार नाही. ती माहिती धरणाच्या भिंतीवर उभे राहून लिहिलेली होती आणि वाचणारा गोठ्यात उभा होता, एवढीच तक्रार आहे. आम्ही इतके पाणी सोडले, इतक्या वाजता सोडले आणि तसे कळवले, हे उद्या चौकशी झालीच तर फायलीत दाखवता यावे, यासाठी ते पत्र अगदी चोख होते. माणसाला मात्र पुढच्या काही तासांत ठरवायचे असते की म्हशी सोडायच्या की नाहीत, म्हातारीला नेमके कोणत्या रस्त्याने काढायचे आणि तो रस्ता किती वेळ उघडा राहील.

आकड्यांचेच घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात आहेत आणि एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. कोल्हापुरात हा आकडा लहान मुलांनाही पाठ असतो, पण त्याचा अर्थ दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होणे, असा आहे, हे मला स्वतःला हिशेब मांडेपर्यंत जाणवले नव्हते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, आणि एक टीएमसी पाणी दिवसभरात सोडायचे तर साडेअकरा हजार क्युसेकपेक्षा थोडा जास्त विसर्ग लागतो. हे दोन आकडे एकमेकांत कसे बसतात, ते एका ओळीत सांगणे अवघड नाही. तरी ती ओळ मला कोणत्याही पत्रकात आढळलेली नाही. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाची फूट-इंचांत. एकाच नदीच्या दोन टोकांना दोन मापे, आणि त्यांची सांगड वाचणाऱ्याने चहा पिता पिता घालायची. (अलमट्टीमुळे सांगलीला फूग येते, म्हणजे पाणी मागे तुंबते, की नाही, या वादात मी इथे शिरणार नाही. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल येऊनही तो वाद दर पावसाळ्यात नव्याने उगवतो.)

मामांच्या गावाची अडचण याहून वेगळी आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि त्या संगमाच्या आसपासच्या गावांना दोन्ही नद्यांचे पाणी सोसावे लागते. पंचगंगेची खबर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरून येते, तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. कृष्णेची खबर सांगलीच्या आयर्विन पुलावरून येते, तिथे तेच आकडे ४० आणि ४५ आहेत. शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असल्यामुळे मामांना सरकारी पत्रक कोल्हापूरचे मिळते आणि सांगलीचा आकडा माझ्याकडून मिळतो. जिल्ह्याची हद्द नदीला ठाऊक नसते, पण पत्रकाला ती पक्की ठाऊक असते.

हवामान विभागाच्या रंगांतही हाच घोळ होतो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल ही चढण चांगली आहे, ती निरक्षर माणसालाही कळते आणि नारिंगीचा अर्थ ‘सज्ज राहा’, लालचा अर्थ ‘कृती करा’ असा ठरलेला आहे. परंतु रंग मिळतो तो पावसाला आणि बहुतेक वेळा संपूर्ण जिल्ह्याला. गगनबावड्यात २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तो अत्यंत मुसळधार ठरतो. त्याच दिवशी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळमध्ये कपडे वाळत घातलेले असू शकतात. दोन-तीन दिवसांनी गगनबावड्यातला जोर ओसरतो, रंग पिवळ्यावर उतरतो आणि नेमके तेव्हाच शिरोळच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, पाणी शिरत असते. पावसाचा रंग उतरला आणि पुराचा चढला, हे सांगणारा दुसरा रंग त्या नकाशावर नाही.

याच्या उलट, लोकांनी स्वतःसाठी तयार केलेली माहितीची साधने पाहावीत. कोल्हापुरात ‘मच्छिंद्री झाली’ म्हटले की पंचगंगेने शिवाजी पुलापाशी कुठवर मजल मारली, हे जुन्या माणसाला समजते. ‘रेडेडोह फुटला’ म्हटले की पन्हाळा रस्त्याचे काय होणार, ते वेगळे सांगावे लागत नाही. सुतारवाड्यातली कुटुंबे चित्रदुर्ग मठाकडे निघाली की बाकीचे शहर आपापला जिना मोजू लागते. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि स्नानाला गर्दी लोटते, पण आजूबाजूच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पाणी कुठवर चढले याची पक्की खूणही असते. सांगलीत १९२९ पासून उभा असलेला आयर्विन पूल तर शहराचा तापमापकच आहे. लोक पुलावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी फूट वाचतात आणि घरी फोन करतात. या प्रत्येक खुणेत एक ठिकाण आहे, एक पातळी आहे आणि पुढे काय होणार याची आठवण आहे. क्युसेकमध्ये यातले काहीच नाही.

अर्थात या खुणाही दगा देतात, आणि २०१९ मध्ये त्यांनी तो दिलाच. २००५ च्या पुराची रेघ अनेक घरांच्या भिंतींवर होती. तिच्यावर भरवसा ठेवून लोकांनी धान्याची पोती त्या रेघेच्या हातभर वर रचली आणि स्वतः माडीवर गेले. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर पोहोचले, रेघ बुडाली आणि पोतीही भिजली. तिथे सरकारचे काम होते. या वेळी रेघेच्या वर जाणार आहे, असे कुणीतरी अधिकाराने आणि वेळेत सांगायला हवे होते. जलसंपदा खात्याची निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, अशी व्याख्या आहे. अभियंत्याच्या डोक्यात ती दरवर्षी शंभरात एक अशी शक्यता असते. सामान्य माणूस मात्र ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘आता नातवाच्या काळात’ असा लावतो, आणि मराठी वाक्य तसेच असल्यामुळे त्यात त्याची चूक काहीच नाही. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि नातू मोठा होण्याची वाट न पाहता दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फूट ओलांडून गेली.

मदतीच्या बाबतीत तर माहितीच्या मांडणीने सरकारचे स्वतःचेच नुकसान केले. ७ ऑगस्ट २०१९ च्या शासन निर्णयात क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असल्यास दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत मिळतील, अशी अट होती. लोक छपरावर बसलेले असताना ती वाचली गेली आणि जो संताप व्हायचा तो झाला. त्यानंतर मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवलेली निघाली. मांडणीच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्या स्टिकरचे वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. पुराच्या त्या आठवड्यात ठळक, रंगीत, स्वच्छ छापलेला आणि योग्य जागी चिकटवलेला असा सरकारी कागद मी तेवढाच एक पाहिला. त्याच आठवड्यात, ८ तारखेला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी गावची बोट उलटली आणि माणसे गेली. बचावाला आलेल्या जवानांनी जिवावर उदार होऊन काम केले. बायकांनी त्यांना राख्या बांधल्या, त्यांच्या पाया पडल्या, त्याबद्दल दुमत नाही. परंतु माणसे बोटीची वाट पाहायच्या आधी, रस्ता कोरडा असतानाच, निघाली असती तर, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

जपानने २०२१ च्या मे महिन्यात एक लहानसा बदल केला. तिथे ‘स्थलांतराची शिफारस’ आणि ‘स्थलांतराचा आदेश’ असे दोन टप्पे होते. शिफारस झाली तरी लोक आदेशाची वाट पाहत घरी थांबत, असे मोठ्या पुरांत दिसून आल्यावर त्यांनी शिफारस हा शब्दच काढून टाकला. आता घोषणा झाली की निघायचे. आपल्याकडे ‘सतर्क राहावे’, ‘खबरदारी घ्यावी’, ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ आणि ‘प्रशासनास सहकार्य करावे’ ही चार वाक्ये एकाच पत्रकात, एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक असतात. त्यातले कोणते आज लागू आहे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा, त्याला चार वाक्ये पाठ करणे परवडत नसे. त्यामुळे दवंडीत कुणी, कधी आणि कुठे, एवढेच असे.

मागच्या उन्हाळ्यात मी मामांसाठी एक पान तयार केले. मामा सोळा वर्षांपासून एका वहीत पाण्याच्या नोंदी ठेवतात, तीच माझी सामग्री. डावीकडे राजाराम आणि आयर्विनचे फूट मोठ्या ठळक अंकांत, मध्ये गावातली खूण, उजवीकडे करायचे काम. उदाहरणार्थ ‘राजाराम ४५, आयर्विन ४२ : ओढा भरतो, जनावरे आजच काढणे, उद्या बैलगाडी निघत नाही.’ खाली शेवटचा उघडा रस्ता आणि तो कोणत्या पातळीला बंद होतो, एवढेच. पान लॅमिनेट करून मामींनी ते गोठ्याच्या दाराला आतल्या बाजूने खिळ्यांनी ठोकले, कारण पूर आला की पहिला फेरा तिकडेच असतो.

मामांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचले आणि एक चूक काढली. मी प्रत्येक पातळी चढत्या पाण्याचीच धरली होती. पाणी उतरताना ओढ्यावरचा पूल पातळी खाली गेल्यावरही दोन दिवस गाळात असतो, हे त्यात नव्हते. त्यांनी कोपऱ्यात तेलाच्या खडूने लिहिले, ‘उतरताना दोन दीस थांबा’, आणि मला म्हणाले, “पुढच्या टायमाला छापशील तवा ह्ये बी घाल.”