५ गुंठ्यांत ९६ कॉट

सांगलीत विश्रामबागला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचा बंगला आहे. मास्तर गेले, मुलं पुण्यात आणि परदेशात, बंगला विकला गेला. ज्याने घेतला तो तिथे मुलींचं वसतिगृह बांधतोय. बांधकाम परवाना मिळाला आणि तेव्हापासून कॉलनीत दुसरा विषय नाही.

त्या ५ गुंठ्यांत कुणी पुन्हा बंगला बांधेल ही आशा खुळी होती. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा पूर आला. नदीकाठच्या गावभागातले लोक इकडे जागा बघायला लागले आणि भाव कुठल्या कुठे गेले. एवढे पैसे घालून कोण पेरूची झाडं लावत बसणार?

परवान्याची बातमी आली त्याच आठवड्यात निषेधाचं पत्र तयार झालं. मजकूर गल्लीतल्या अण्णांचा. ‘परिसराची शांतता व संस्कृती धोक्यात’ वगैरे. आधी सगळ्यांना वाटत होतं मुलांचं हॉस्टेल आहे. मुलं म्हणजे बुलेट, वाढदिवसाचे फटाके, रात्री दोनला केक. मग कळलं मुलींचं आहे. दोन दिवस वातावरण निवळलं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की मुली आल्या की मुलं कोपऱ्यावर उभी राहणार. पत्र परत निघालं.

मी सही केली नाही. इथलं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद कॉलेज १९४७ चं. आमची कॉलनी त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. म्हणजे इथे विद्यार्थी आधीपासून आहेत, आलो आपण. आणि गल्लीतल्या किती घरांत वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर पोरं ठेवलीत ते मोजलं, तर त्या पत्रावरच्या निम्म्या सह्या खोडाव्या लागतील. एका ठिकाणी तर गॅरेजला पत्र्याचं दार लावून आत चार कॉट टाकल्यात. त्या कुठल्या नकाशावर नाहीत. परवाना घेऊन, जिने दाखवून, उघडपणे बांधतोय त्याच्यावर मात्र राग.

बैठकीत एक सर म्हणाले, “कुठल्या कुठल्या गावच्या मुली येणार, आपल्याला काय माहीत?” कुठल्या म्हणजे जतच्या, आटपाडीच्या, कवठेमहांकाळच्या. मी म्हटलं, “सर, तुम्ही रयतच्या बोर्डिंगात राहूनच शिकलात ना?” कर्मवीरांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. शेजारपाजारी तेव्हाही असणारच की. सर हसले. म्हणाले, “ती गोष्ट वेगळी ओ, वहिनी.” कशी वेगळी ते काही सांगितलं नाही.

बऱ्याच जणांची समजूत होती की हरकत घेतली की सुनावणी होते. तसं नसतं. आपल्याकडे नगररचनेचा कायदा १९६६ चा. विकास आराखड्याचा मसुदा निघतो तेव्हा कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला, तर कलम ३७ खाली मागवतात. पण रहिवासी पट्ट्यातल्या प्लॉटवर नियमात बसणारी इमारत बांधायची, तर तो मालक आणि नगररचना विभाग यांच्यातला मामला. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर नियमात बसणारा अर्ज मंजूर धरला जातो. अर्ज नाकारला तर कलम ४७ खाली अपील आहे, तेही अर्जदाराला. शेजाऱ्याचं त्यात नावच नाही.

मला हे निम्मं पटतं. शेजाऱ्याच्या मर्जीवर परवाने द्यायचे ठरले असते तर आमच्या गल्लीत एकही दुसरा मजला चढला नसता. पण ड्रेनेज कुठे तुंबतं हे गल्लीतल्या माणसालाच माहीत असतं. तेवढं तरी विचारावं.

विचारत नाहीत, म्हणून मग माहितीच्या अधिकारात नकाशा मागवला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पैसे वेगळे. प्रत आली ती सरळ आमच्या डायनिंग टेबलावर. “काकू, तुम्हीच बघा की.” मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे गल्लीतला कुठलाही नकाशा शेवटी माझ्याकडेच येतो.

हल्ली सगळं कॉम्प्युटरवर काढतात. रोटरिंग पेनची ती कुळकुळीत रेघ नाही, अमोनिया प्रिंटचा वास नाही. रंग मात्र तेच. पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांत, नवं लाल भरलेलं, पाण्याची लाइन काळी तुटक, ड्रेनेज लाल तुटक. मास्तरांचा बंगला पिवळ्या रेघांत बघून वाईट वाटलं. असो.

खाली पार्किंग आणि मागे मेस, वर चार मजले, मजल्याला आठ खोल्या. खोलीला तीन कॉट धरल्या तर ९६ मुली. सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, मी स्केल लावून तपासली, चारी बाजूंनी बरोबर सोडलीत. जादा बांधकामासाठी टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, घेतलाय, प्रीमियम भरलाय, चटई क्षेत्राचा, म्हणजे एकूण किती बांधता येतं त्याचा, हिशेब जुळतो. आर्किटेक्टने काम नीट केलंय असं मी बैठकीत सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “काकू त्यांच्याकडून झाल्या.” म्हणू दे.

खोट निघाली ती वेगळीकडेच. जिने दोन दाखवलेत, चांगली गोष्ट आहे. पण दुसरा जिना खाली उतरतो तो मेसच्या कोठीत. तिथे गव्हाची पोती, तेलाचे डबे, कदाचित सिलिंडरही. रात्री काही पेटलं तर त्या जिन्याने पळणारी मुलगी थेट कोठीच्या दारावर आणि दाराला बाहेरून कुलूप. कागदावर जिना आहे, नियम पाळला गेलाय, उपयोग शून्य.

दुसरं ड्रेनेज. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, वसतिगृहालाही तेवढंच. ९६ जणींचे १२,९६० लिटर. त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला जातं असं धरलं तरी रोज १०,००० लिटरच्या वर. मास्तरांच्या घरात पाच माणसं होती, तेव्हा सगळं मिळून ६७५ लिटर. आणि नकाशावरची ती लाल तुटक रेघ मागच्या बोळातल्या चेंबरला जाऊन मिळते. त्याच चेंबरचं झाकण दर पावसाळ्यात आपोआप वर येतं. पुढच्या रस्त्याची लाइन मोठी आहे, खोल आहे, उतारही तिकडे मिळतो. उताराचं मला सांगू नका, सगळी नोकरी त्यातच गेली.

तिसरा मुद्दा रस्त्याचा, आणि तिथे गंमत झाली. नकाशात रस्ता ९ मीटर. अण्णा म्हणाले, खोटं आहे, एवढा रस्ताच नाही. टेप घेऊन दोघांनी मोजला तर ७ मीटर भरला. अण्णा खूश. मी जुना लेआउट काढून दाखवला. त्यातही ९ मीटरच. मग उरलेले २ मीटर गेले कुठे? गाड्यांसाठी प्रत्येकाने बाहेर काढलेले रॅम्प, जाळी लावून केलेली बाग, एका घराची तुळस, आमच्या शेजाऱ्यांची सिमेंटची बाकं. “मग पत्रात रस्त्याचं लिहायचं का?” अण्णांनी विचारलं. म्हटलं, “लिहा की. मोजायला येतील.” तो मुद्दा तिथेच गळला.

नवं पत्र मीच लिहिलं. शांतता नाही, संस्कृती नाही. दुसऱ्या जिन्याला थेट मोकळ्यावर दार द्या, ड्रेनेज पुढच्या लाइनला जोडा, मेसचा धुराडा शेजारच्या बेडरूमच्या खिडकीकडे नको. त्यावर सह्या जमायला उशीर लागला नाही. गॅरेजवाल्यांनीही केली. एक प्रत नगररचना विभागात आवक करून घेतली, एक अग्निशमनला, एक मालकाला.

मालक स्वतः आला, चहा घेतला. चाळिशीतला माणूस आहे, गोड बोलतो. जिन्याचं लगेच मान्य केलं, तसाही सुधारित नकाशा मंजुरीला टाकायचाच आहे म्हणाला. धुराडा गच्चीवर नेतो म्हणाला. ड्रेनेजला मात्र “बघू, काकू.” कारण रस्ता खोदायची परवानगी, अनामत रक्कम, खड्डा बुजवायचा खर्च. मी त्याला सांगितलं, इमारत वापरायला लागणाऱ्या भोगवटा दाखल्याच्या वेळी कुणीतरी जागेवर बघायला येईल, तेव्हा ते झाकण उघडून दाखवायला मी तिथेच उभी असेन.

दरम्यान जुन्या साहेबांच्या मुलाकडून लेव्हल मशीन मागून आणलं. मागच्या चेंबरची आणि पुढच्या मॅनहोलची लेव्हल काढून, उतार मांडून, कागद त्याच्या आर्किटेक्टला व्हॉट्सॲपवर पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात.