रोहिणीतला कोरडा आठवडा

सांगली, 25 मे, रात्री

आज रोहिणी नक्षत्र निघालं, पण आभाळात काही नाही. पुढचे सहा-सात दिवसही असेच जातील असं दिसतंय. दुपारी 37-38 अंश, पहाटे 23 च्या आसपास, पाऊस नाही. जत-आटपाडीकडे पारा एक-दोन अंश वर, साताऱ्यात तेवढाच खाली. महाबळेश्वर आपल्यापेक्षा सुमारे 800 मीटर उंच, त्यामुळे तिथे सात-आठ अंशांचा फरक ठरलेलाच. लोक या उन्हाला उष्णतेची लाट म्हणून मोकळे होतात, पण सपाटीवर लाट म्हणायला पारा किमान 40 वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर जावा लागतो. हा नुसता मेअखेरचा उन्हाळा आहे.

अकराच्या पुढे ढगांचे पुंजके येतात आणि संध्याकाळपर्यंत तसेच चपटे राहतात, उंच होत नाहीत. जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते खरी, पण मधल्या थरातल्या कोरड्या, उबदार हवेपाशी अडते. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, अंगाला बरा वाटतो, तेवढंच.

ही शांतता मोडणार असली की दुपारच्या पाऱ्यावरून कळत नाही, पहाटेच्या कळतं. कमाल 37 वरच राहिलं आणि किमान 23 वरून 25 वर गेलं, तर हवेत बाष्प शिरलं समजायचं. पहाटे मान चिकट लागते, वाळत घातलेले कपडे सकाळपर्यंत दमट राहतात. मग दुपारी तेच पुंजके फुलकोबीसारखे वर चढू लागले की दोन-तीन दिवसांत वळीव कुठेतरी आदळतोच. ‘कुठेतरी’ महत्त्वाचं. हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं तेव्हा त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. मिरजेत झोडपलं आणि तासगाव कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं होत नाही. पाच दिवसांपलीकडचा ‘अमुक वाजता वादळ’ हा मोबाइलवरचा आकडा मात्र मी बघतच नाही.

या कोरड्या दिवसांचा खरा उपयोग शिराळ्याकडे. तिथे भाताची धूळवाफ पेरणी ऐन या दिवसांत चालते. ढेकळं फोडून माती भुसभुशीत करायची आणि कोरड्यातच कुरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, पेरायचं. पाऊस लागला की भात आपोआप पुढे. यात घात होतो तो मोठ्या पावसाने कमी आणि अर्धवट पावसाने जास्त. 10-12 मिलिमीटरची सर आली तर वरची दोन बोटं माती भिजते आणि बियाला मोड येतो. पण मेअखेरीला बाष्पीभवन रोज 8 मिलिमीटरच्या घरात असतं. म्हणजे त्या सरीचं पाणी दोन दिवसांत उडून जातं. मुळी खालच्या कोरड्या मातीत शिरत नाही आणि मोड जागेवर करपतो. म्हणून बी उथळ पडू द्यायचं नाही, ओलावा नीट मुरल्याशिवाय ते जागं होणार नाही एवढं खाली, चार-पाच सेंटिमीटरवर जायला हवं. पेरून झाल्यावर फळी फिरवली की बी झाकतं, पाखरंही कमी वेचतात. याउलट दणक्याचा पाऊस होऊन लगेच ऊन पडलं तर जमिनीला पापडी धरते आणि कोंब आतच वाकडा होतो. पापडी हलक्या हाताने मोडावी लागते, तीही वेळेत.

सोयाबीनवाल्यांनी मात्र घाई करू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, हा कृषी खात्याचा जुनाच सल्ला आहे आणि तो दरवर्षी मोडला जातो. एका वळवावर पेरायचं आणि मग दुबार पेरणीचं बियाणं शोधत फिरायचं. घरचं बियाणं असेल तर उगवण तपासायला हा आठवडा चांगला. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ घेऊन त्यातले न निवडता 100 दाणे मोजायचे. चांगलेच दाणे निवडले तर तपासणीला अर्थ राहत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. या उन्हात गोणपाट दुपारपर्यंत खडखडीत होतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. पण निथळत ठेवलं तर दाणे कुजतात आणि दोष बियाण्याला लागतो. सातव्या दिवशी मोजणी. मोड तुटका, वाकडा असेल तर तो धरायचा नाही. 70 च्या वर असतील तर एकरी 30 किलो पुरे, खाली गेले तर त्या मानाने बियाणं वाढवायचं. पोती उचलताना आपटू नयेत. सोयाबीनचं साल पातळ असतं, आतला कोंब दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हळदीची लागवडही आठवड्याभरात उरकावी, एकरी दहाएक क्विंटल जेठे गड्डे, म्हणजे बेण्याचे मातृकंद. आंबवणीचं, म्हणजे लागवडीनंतर काही दिवसांनी द्यायचं पाणी हात आखडून दिलं तर या उन्हात गड्डा सुकतो.

द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरच्या (एप्रिलमधल्या छाटणीनंतर फुटलेल्या) काडीला असंच लख्ख ऊन हवं, घड याच दिवसांत काडीत ठरतो. तेव्हा ढगाळ नसल्याची तक्रार कुणी करू नये. फक्त भुरीसाठी, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, गंधक मारायचं असेल तर सकाळी लवकर. पारा 35 च्या पुढे गेला की पान करपतं, आणि दुपारी वाऱ्याने फवारा शेजारच्या बागेत जातो तो वेगळाच.

शुक्रवारी कृषी हवामान पत्रक येईल, ते मंगळवारी आणि शुक्रवारीच निघतं. त्यात ‘विजांसह’ दिसलं तर पत्र्याचे सैल हूक आधी आवळायचे. वळवाचा वारा पत्रा सैल कडेपासूनच उचलतो. आज गोणपाट भिजवलं आहे, मोजणी 1 जूनला.