मॅन्झनार: ‘अर्ध्या तासात होतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

लॉस एंजेलिसहून ३९५ नंबरच्या हायवेने मॅमथ या डोंगरातल्या गावाला जाताना लोन पाइन गाव सोडलं की डाव्या हाताला मॅन्झनार लागतं: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना जिथे डांबलं, ती छावणी. ‘हायवेलाच आहे, अर्ध्या तासात उरकतं,’ असं ज्याने त्याने सांगितलं होतं. साफ खोटं. ही मंडळी टेहळणीच्या मनोऱ्याचा फोटो काढून पुढे सुटलेली असतात, आणि तो मनोरा २००५ साली नव्याने बांधलेला आहे. तेवढंच बघायचं असेल तर थांबूच नका.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ ला आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरची जपानी कुटुंबं उचलून दहा छावण्यांत डांबली. सुमारे १,२०,००० माणसं, त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन. आईबापांना नागरिकत्व घेण्याची कायद्याने मुभाच नव्हती. (१९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबातून आलेल्या शीख स्थलांतरिताच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या लोकांनाही हेच ऐकवलं होतं. ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांनी लक्षात ठेवावं.) एकट्या मॅन्झनारमध्ये एका वेळी १०,००० च्या वर लोक होते.

आता मुख्य त्रास: वारा. दुपारी व्हिजिटर सेंटरपासून स्मशानभूमीकडे पायी निघालो आणि निम्म्या वाटेत डोळे उघडेनात. दातांखाली रेती करकरत होती, मुलगी रडकुंडीला आली. सावली नाही, आडोसा नाही. पांढरा स्मृतिस्तंभ गाठला, पण तिथे दोन मिनिटं उभं राहवेना. सकाळीच जा. गॉगल आणि मास्क हवेतच. गाडीने फिरायला ३.२ मैलांचा रस्ता आहे, पण काचा लावून फिरलात तर छावणी कळणार नाही.

ब्लॉक १४ मधल्या बराकी नव्या बांधलेल्या असल्या तरी आत जाच. लाकडी फळ्या, गवत भरलेल्या गाद्या. फळ्यांच्या फटींतून ही रेती आत यायची, म्हणून लोक डब्यांची पत्र्याची झाकणं भोकांवर ठोकायचे. बाहेरून रेती खाऊन आल्यावर हे निराळं सांगावं लागत नाही. बायकांच्या शौचालयात कमोड पाठीला पाठ लावून मांडलेत, मध्ये आडपडदा नाही. बायको बाहेर येऊन बराच वेळ काही बोलली नाही.

ब्लॉक ३४ ची बाग अजिबात चुकवू नका! जेवणाच्या रांगेत ताटकळणाऱ्यांसाठी कैद्यांनीच दगड रचून तळं केलं होतं. सगळं रेतीखाली गाडलं गेलं होतं, ते उकरून काढलंय. आख्ख्या ट्रिपमध्ये इतकं सुंदर काही पाहिलं नाही. मॅमथ छान झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

प्रवेश फुकट. आत खायला मिळत नाही, डबा आणि भरपूर पाणी न्या. गाडीत गॅस (पेट्रोल) आधीच भरून घ्या, ३९५ वर महाग पडतो. जवळच्या गावातल्या एका मोटेलने ऑनलाइन दिसलेल्या भाड्यावर काउंटरला भलतेच चार्जेस लावले, वर हीटरचा नुसता आवाज. एकूण आकडा लेखी घेतल्याशिवाय कार्ड देऊ नका. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी इथे छावणीच्या आठवणीसाठी मोठा मेळावा भरतो, १९६९ पासून. तेव्हा जायचं असेल तर खोली फार आधी धरा.