तुम्ही विचारलेत म्हणून: वाचलेले परीक्षेत का आठवत नाही?

परीक्षा जवळ आल्या की महाविद्यालयातील विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, पुस्तक तीन वेळा वाचले, तरी उत्तर लिहायला बसले की काहीच आठवत नाही, मग अभ्यास करायचा तरी कसा?" त्यांच्या कष्टांविषयी मला कधीच शंका वाटलेली नाही आणि म्हणूनच हे उत्तर मी सविस्तर देतो.

दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि या ओळखीलाच आपण तयारी समजून बसतो. परीक्षेत मात्र समोर पान नसते. तेथे सारे मनातूनच काढावे लागते, आणि नेमका त्याचाच सराव राहून गेलेला असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी काही मजकूर पुन्हा वाचला, तर काही न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचलेला मजकूर अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिलेलाच अधिक टिकला होता. मला यातला पाच मिनिटांचा निकाल फार बोलका वाटतो, कारण अभ्यास संपवून उठताना आपल्याला जे समाधान वाटते, ते त्या पाच मिनिटांपुरतेच असते.

म्हणून एक घटक वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे आणि मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे दुसऱ्या शाईने भरावेत. पुढच्या वेळी कशावर भर द्यायचा, हे ती दुसरी शाईच सांगते. पहिल्या दिवशी चार ओळीही धड लिहून होत नाहीत, मन खट्टू होते आणि बरेच जण तेथेच ही पद्धत सोडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आठवताना होणाऱ्या त्या ओढाताणीतच स्मरण पक्के होत असते. ओळींखाली रंगीत रेघा ओढण्यात वेळ छान जातो, पण हाती फारसे लागत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. निरर्थक अक्षरांची मालिका पुन्हा पाठ करण्याच्या आदल्या एकाच दिवशी ६८ वेळा घोकून त्यांना जो लाभ झाला, तो तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांतही मिळाला. त्यामुळे एका विषयाला सलग सहा तास देण्यापेक्षा दोन-दोन तास तीन दिवस द्यावेत आणि मधल्या वेळात दुसरा विषय घ्यावा. गणितासारख्या विषयात निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून सोडवावीत, म्हणजे कोणती रीत कोठे लावायची हेही ठरवता येऊ लागते.

"पण आता चारच दिवस उरले आहेत," असेही कोणी म्हणते. तेव्हा मी सांगतो, की आज आधी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक न उघडता सोडवा, जे लिहिता आले नाही तेवढेच वाचा, उद्या त्याच प्रश्नांची उत्तरे पुन्हा न पाहता लिहा, आणि शेवटच्या रात्री जागरण न करता पूर्ण झोप घ्या.