साहित्यावर इंग्रजीत लिहिताना: ‘डायलॉग’, ‘ड्रामा’ आणि काळाचा घोळ

मराठी माध्यमातून आलेली मुलं एम.ए.ला इंग्रजी साहित्य घेतात तेव्हा त्यांचं व्याकरण बहुधा बरं असतं. अडतं ते दुसरीकडेच. मराठीत रोज वापरले जाणारे इंग्रजी शब्द आपण त्याच अर्थाने इंग्रजीत नेतो आणि तिथे ते वेगळंच काही सांगतात.

‘डायलॉग’ घ्या. मराठीत नाटकातलं एक टाळीचं वाक्य म्हणजे डायलॉग. इंग्रजीत तो शब्द पात्रांमधल्या सगळ्या बोलण्याला आहे. एका पात्राचं एक वाक्य म्हणजे ‘लाइन’ आणि लांबलचक बोलणं म्हणजे ‘स्पीच’. हॅम्लेटचं ‘टु बी ऑर नॉट टु बी’ हे स्वगत, म्हणून ‘सोलिलोक्वी’. ‘अ फेमस डायलॉग ऑफ हॅम्लेट’ असं लिहिलं की परीक्षकाला लगेच खटकतं. नाटकाचंही तसंच. ‘ड्रामा’ हा साहित्यप्रकार, हातातलं पुस्तक मात्र ‘प्ले’. ‘पोएट्री’ मोजता येत नाही, त्यामुळे ‘अ पोएट्री’ किंवा ‘पोएट्रीज’ नको. एक कविता म्हणजे ‘अ पोएम’. कडवं म्हणजे ‘स्टॅन्झा’, ओळ म्हणजे ‘लाइन’.

दुसरी खोड ‘अबाउट’ची. ‘विषयी चर्चा करणे’ डोक्यात असतं, म्हणून ‘डिस्कसेस अबाउट’, ‘डिस्क्राइब्स अबाउट’, ‘मेन्शन्स अबाउट’ आणि ‘एम्फसाइझेस ऑन’ असं हातून उतरतं. ही चारही क्रियापदं थेट कर्म घेतात: ‘द पोएट डिस्क्राइब्स द रिव्हर’. घोटाळा होतो तो नामांमुळे. ‘अ डिस्कशन ऑफ’, ‘अ‍ॅन एम्फसिस ऑन’ ही रूपं बरोबरच आहेत. त्यांतलं शब्दयोगी अव्यय क्रियापदाला चिकटवलं की चूक होते. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात क्रियापदाखालची उदाहरणं बघा, अर्थ नव्हे. उत्तर उदाहरणांतच असतं.

आता काळ. कलाकृतीच्या आत जे घडतं ते वर्तमानकाळात लिहायचं आणि लेखकाच्या आयुष्यात घडलं ते भूतकाळात. नियम एवढाच, पण निवेदक स्वतःच आठवणी सांगत असेल तर तीन थर होतात. ‘श्यामची आई’ बघा. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि पुढे ते प्रसिद्ध झालं: इथे ‘रोट’, ‘वॉज पब्लिश्ड’. श्याम आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो: इथे ‘टेल्स’. आणि त्या गोष्टीत, आंघोळ झाल्यावर ओले पाय जमिनीवर ठेवायला लहानगा श्याम तयार नव्हता: इथे पुन्हा ‘रिफ्यूज्ड’. म्हणजे वाक्य असं: ‘श्याम टेल्स हिज फ्रेंड्स दॅट ही रिफ्यूज्ड टु पुट हिज वेट फीट ऑन द ग्राउंड.’ एकाच वाक्यात दोन काळ आले आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘सगळं वर्तमानात लिहा’ एवढंच शिकवलेला विद्यार्थी हमखास इथेच घसरतो. मसुदा झाला की फक्त क्रियापदांना पेन्सिलीने गोल करा आणि प्रत्येकाला विचारा: हे कोणाच्या काळात घडतंय?

कोण बोलतंय हेही तितकंच जपायला हवं. ‘नायदर अ बॉरोअर नॉर अ लेंडर बी’ हा सल्ला शेक्सपिअरचा म्हणून सर्रास उद्धृत होतो. ‘हॅम्लेट’ नाटकात तो पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, फ्रान्सला निघालेल्या लेअर्टीजला त्याचा बाप पोलोनियस देतो, आणि पोलोनियस हा उपदेश पाजण्यात रमणारा माणूस आहे. ‘शेक्सपिअर सेज’ लिहिलं की ती सगळी खोच मरते. ‘पोलोनियस टेल्स लेअर्टीज’ म्हणा. कवितेतल्या ‘मी’लाही ‘द पोएट’ न म्हणता ‘द स्पीकर’ म्हणणं सुरक्षित.

क्रियापद निवडताना ‘प्रूव्ह्ज’ टाळा. कादंबरी काही सिद्ध करत नाही. सूचकतेला ‘सजेस्ट्स’, उघड दिसतं त्याला ‘शोज’. ‘ब्यूटिफुली पेन्ड’ आणि ‘रिव्हॉल्व्ज अराउंड’ ही पुस्तकाच्या मलपृष्ठावरची भाषा, तीही काढून टाका. साधं ‘इज अबाउट’ कितीतरी नेमकं आहे.

नावांची पद्धतही वेगळी. मराठीत आपण सगळ्यांनाच एकेरी अवतरणचिन्हं देतो. इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक किंवा नाटक तिरप्या अक्षरांत जातं, तर एकटी कविता, कथा किंवा लेख अवतरणचिन्हांत. ‘श्यामची आई’ तिरप्या अक्षरांत, केशवसुतांची ‘तुतारी’ अवतरणांत. हाताने लिहिताना तिरपं जमत नाही, तेव्हा पुस्तकाच्या नावाखाली रेघ ओढायची.