ऑराटसने टाकी ताब्यात घेतली तेव्हा

सकाळी टाकीचा लाइट लावला की मी आधी फिल्टरच्या पाइपमागचा कोपरा बघतो. ज्या माशाला मार पडतो तो तिथे सापडतो. पाण्याच्या अगदी वरच्या थरात, अंग काचेला लावून, खाणं टाकलं तरी जागचा न हलणारा. मार्चमध्ये तिथे आमची पिवळी होती. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि डाव्या अंगावरचे तीन-चार खवले निघून आतलं पांढरं दिसत होतं. आई म्हणाली, "अरे, ती पिवळी कालपासून जेवली नाहीये." तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

आम्ही नेरुळला राहतो. हॉलमध्ये तीन फुटी टाकी होती, साधारण शंभर लिटरची. दिवाळीत मी तिच्यात सिक्लिड कुळातले आठ मासे आणले. दुकानदार म्हणाले, "मिक्स आफ्रिकन आहेत, लहानपणापासून एकत्र वाढले की भांडत नाहीत." बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं होती ती. तीन यलो लॅब (पिवळी त्यांतलीच एक), दोन निळे, आणि तीन पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले. पट्टेवाले मला सगळ्यांत आवडले होते. त्यांना ऑराटस म्हणतात आणि ते या सगळ्या गोतावळ्यातले सर्वांत भांडखोर समजले जातात, हे मला चार महिन्यांनी कळलं. मिक्सच्या नावाखाली जात न सांगता मासे विकणं मला आजही पटत नाही. नाव कळलं असतं तर मी आधी वाचून घेतलं असतं, आणि निळ्यांपैकी एक जिवानिशी गेला नसता.

ऑराटस लहान असताना नर-मादी दोघंही पिवळेच असतात. जानेवारीत त्यातला एक काळपट व्हायला लागला. मला वाटलं आजारी पडला, म्हणून मी पाण्यात खडे मीठ टाकलं. पण तो खात होता, ताठ पोहत होता. बघता बघता त्याचं पोट काळं झालं आणि पट्टे फिकट निळसर. तो वयात आला होता आणि टाकीवर त्याचंच राज्य सुरू झालं होतं. मधोमध रचलेल्या दगडांच्या ढिगाखालची कपार त्याची, आणि तिथून दिसेल तेवढी सगळी टाकी त्याची.

मी त्याला काढून प्लॅस्टिकच्या टबात ठेवलं, स्पंज फिल्टर लावून. दोन दिवस टाकी शांत होती. तिसऱ्या दिवशी उरलेला निळा त्याच कपारीत जाऊन बसला आणि तिथूनच सगळ्यांच्या अंगावर धावायला लागला. त्या संध्याकाळी मी तासभर खुर्ची टाकून टाकीसमोर बसलो. मासा बदलला होता, जागा तीच होती.

हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. तिथे खडकांत राहणाऱ्या या सिक्लिडना म्बुना म्हणतात. नर आपापली कपार राखतो. तिथे हरलेला मासा दुसऱ्या खडकाआड निघून जातो आणि भांडण मिटतं. तीन फुटांत तो जाणार कुठे?

मग चार फुटी टाकी घेतली, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. दगड काळेच, ओळखीच्या एका बांधकामावरून आणलेले. साबण न लावता नुसत्या ब्रशने घासले. तळाला थर्मोकोलचं शीट, त्यावर थेट दगड आणि रेती सगळ्यांत शेवटी, कारण हे मासे रेती उकरतात आणि दगड रेतीवर टेकवलेला असला तर ढासळतो. या वेळी ढीग एक नाही, चार केले आणि मध्ये दोन फुटक्या कुंड्या आडव्या ठेवल्या. कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात, आणि एका कपारीतून दुसरी दिसता कामा नये. रचून झालं की मी खाली बसून प्रत्येक कपारीच्या उंचीवरून पलीकडे बघायचो. आरपार दिसलं की दगड हलवायचा. यात अख्खा रविवार गेला, पण सगळ्यांत जास्त फरक पडला तो याच कामाने.

दुसरी गोष्ट माझ्या मनाला पटायला वेळ लागला. मासे वाढवायचे. चार-पाच मासे असले की मार एकाच्याच वाट्याला येतो, पंधरा-सतरा असले की तो वाटला जातो. खारघरच्या एका जाणत्या हौशी माणसाने हे समजावलं. त्यांच्याकडे सहा फुटी टाकी आहे, तिन्ही ऑराटस त्यांनी नेले. त्यांच्याकडून मी पाच यलो लॅब, निळ्यासाठी चार माद्या आणि शांत स्वभावाचे चार रस्टी आणले. सगळे एकाच दिवशी सोडले. जुन्यांना आधी खाऊ घातलं आणि रात्रभर लाइट बंद ठेवला. एवढ्या माशांची घाण एका फिल्टरला झेपत नाही, म्हणून दुसरा लावला. दर रविवारी तीस टक्के पाणी बदलतो, अँटिक्लोरीन टाकून. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. ते पडलं पावसाचं, या माशांना हवं तितकं जड, म्हणजे क्षारांचं, नाही. म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवलाय.

मे महिन्यात पुन्हा धावपळ वाढली. पाणी ३१ अंशांवर गेलं होतं. टाकीवर छोटा पंखा लावला, खाणं कमी केलं, आणि चार दिवसांत मासे निवळले.

जूनच्या शेवटी पिवळी पुन्हा जेवेना. पोटात गोळा आला, पाइपमागे बघितलं, तर कोपरा रिकामा. ती डावीकडच्या कुंडीत होती. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हिचे गाल बघ किती फुगलेत." तोंडात अंडी होती. या माद्या अंडी आणि पिल्लं तीनेक आठवडे तोंडातच सांभाळतात आणि तेवढे दिवस जवळजवळ काहीच खात नाहीत. निळा एकदा कुंडीच्या तोंडाशी आला, तशी ती मागच्या फटीतून निघून दगडांआड गेली. तो तिथेच घुटमळला आणि परत फिरला.

पिल्लं तिने रात्रीच कधीतरी सोडली. सकाळी आईला दगडांच्या फटींत अकरा दिसली, मला नऊच.